घरच्या मीटरवर ३०० अँपिअरचं वेल्डिंग मशीन

घरामागच्या शेडमध्ये ट्रॉलीची चॅसी, गोठ्याचे ट्रस किंवा मोठं गेट जोडायचं म्हणून लोक थेट ३०० अँपिअरचं मशीन आणतात आणि मग विचारतात, घरच्या मीटरवर चालेल का? नेमप्लेटवरचे ३०० अँपिअर हा मशीन देऊ शकेल असा वेल्डिंगचा करंट असतो, मीटरवरून ओढला जाणारा नव्हे. मीटरवर किती येणार ते ठरतं हातातल्या रॉडवरून आणि मशीन कुठल्या जातीचं आहे त्यावरून. त्यामुळे जोडणी करायला गेल्यावर आम्ही आधी कोणता रॉड जाळणार ते विचारतो. मशीन नंतर बघतो.

बारा नंबरच्या, म्हणजे २.५ मिमीच्या रॉडला ६० ते ९० अँपिअर पुरतात. दहा नंबर, म्हणजे ३.१५ मिमी, ९० ते १३० वर चालतो आणि आठ नंबर, म्हणजे ४ मिमी, १४० ते १८० मागतो. घरच्या कामात १० मिमीच्या वर प्लेट क्वचितच येते. तीही कड तासून, दोन-तीन पास मारून दहा नंबरने उत्तम जुळते. म्हणजे मशीन ३०० चं असलं तरी नॉब १६० च्या पुढे न्यायची वेळ जवळपास येत नाही. मोठ्या मशीनचा खरा फायदा वेगळा आहे. ते १६० वर न थांबता चालतं. लहान २०० चं मशीन तेवढ्याच करंटवर मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली तापून थांबतं.

आता १६० अँपिअरचा हिशोब करू. रॉडच्या वेल्डिंगमध्ये आर्कचं व्होल्टेज साधारण २० अधिक करंटच्या ०.०४ पट धरतात, म्हणजे १६० ला २६.४ व्होल्ट. आर्कमध्ये जाणारी वीज ४.२ किलोवॅट. साध्या इन्व्हर्टर मशीनची (इलेक्ट्रॉनिक सर्किटवर चालणारं हलकं मशीन) कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर मीटरवर ५ किलोवॅट आले. पण त्याचा पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या विजेतला खरा कामी येणारा हिस्सा, ०.७ च्या आसपास असतो, म्हणून ५ किलोवॅटला ७.१ केव्हीए (ओढलेली एकूण वीज) लागतात आणि २३० व्होल्टवर ३१ अँपिअर होतात. मशीनवर ‘पीएफसी’, म्हणजे पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट, लिहिलेलं असेल तर पॉवर फॅक्टर जवळपास १ असतो आणि तोच रॉड २२ अँपिअरमध्ये जळतो. किमतीत फरक पडतो, पण सिंगल फेज घरासाठी पीएफसीवाल्या मशीनला दिलेले पैसे वाया जात नाहीत, असं आमचं ठाम मत आहे.

जुन्या तेलाच्या ट्रान्सफॉर्मर सेटचं गणित पूर्ण निराळं. त्याचं ओपन सर्किट व्होल्टेज, म्हणजे आर्क पेटलेला नसतानाचं, ८० च्या आसपास असतं. आत नुसते वेढ्यांचे दोन गट असल्यामुळे आर्क २६ व्होल्टवर जळत असला तरी मीटरकडून ८० व्होल्टच्या हिशोबानेच करंट येतो. सरळ आडाखा असा की वेल्डिंगच्या दर १०० अँपिअरला २३० व्होल्टवर ३५ अँपिअर. १६० ला ५६. काम तेवढंच, रॉड तोच, पण इन्व्हर्टरचे ३१ आणि सेटचे ५६. पॉवर फॅक्टर ०.४ वर बसतो. इन्व्हर्टरच्या तुलनेत करंट १.८ पट झाला की तारेत वाया जाणारी उष्णता सव्वातीन पट होते, कारण ती करंटच्या वर्गाने वाढते. जुना सेट भंगाराच्या भावात मिळाला म्हणून आणला आणि घराची वायर जळाली, यामागचं कारण हेच असतं.

आणि १०० केव्हीएच्या डीपीवर, म्हणजे आळीला वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर, एका फेजला पूर्ण भाराचा करंट साधारण १३३ अँपिअर असतो. एकट्या सेटने त्यातले ५६ ओढले तर त्या फेजवरच्या सगळ्या आळीत रॉड टेकवला की बल्ब मंद होणार. संध्याकाळी व्होल्टेज आधीच खाली असतं. त्या वेळी मोठं वेल्डिंग करू नये. शेजाऱ्यांसाठी तर नकोच, आपल्या मशीनसाठीही नको.

घराकडे वळू. आधी वीजबिल काढून मंजूर भार बघायचा, मग मीटरच्या पाटीवर ५-३० अँपिअर आहे की १०-६० ते बघायचं. ५-३० च्या मीटरवर ३१ अँपिअर वारंवार ओढणं योग्य नाही, आणि सिंगल फेजवर मुळात ४० अँपिअरपर्यंतचाच पुरवठा मिळतो. म्हणजे तेलाचा सेट १६० वर सिंगल फेजला लावायचा प्रश्नच उरत नाही. त्यानंतर खांबावरून आलेली सर्व्हिस वायर. जुन्या घरांना बऱ्याचदा ४ चौरस मिमीची ॲल्युमिनियमची दोन कोअरची वायर असते. घराला ती पुरते, वेल्डिंगला नाही.

डोळ्यांनी बघून अंदाज बांधण्यापेक्षा मोजावं. त्यासाठी गिझर पुरतो. शेडमधल्या पॉइंटवर मल्टिमीटर लावायचा, घरातला बाकी भार बंद करायचा आणि व्होल्टेज लिहून ठेवायचं. मग त्याच पॉइंटवर ३ किलोवॅटचा गिझर किंवा तेवढीच हीटरची कॉइल लावायची, टाँगटेस्टरने (तारेभोवती चिमटा लावून करंट मोजायचं मीटर) करंट घ्यायचा आणि व्होल्टेज पुन्हा वाचायचं. एका घरचे आकडे देतो. रिकाम्या लाइनीला २२६, भार लावल्यावर २१६, करंट १२.३. दहा व्होल्ट भागिले १२.३ म्हणजे ०.८ ओहम. हा खांबावरच्या डीपीपासून शेडपर्यंतच्या सगळ्या तारांचा आणि जोडांचा एकूण रोध. यावर ३१ अँपिअर ओढले की २५ व्होल्ट गेले, उरले २०१. पण इन्व्हर्टर मशीन व्होल्टेज उतरलं की तेवढीच शक्ती मिळवायला जास्त करंट ओढतं, म्हणून ते ३६ पर्यंत जातं आणि शेडमध्ये १९७ च्या आसपास उरतात. शिवाय पीएफसी नसलेलं मशीन करंट सलग ओढत नाही. लाटेच्या शेंड्यावर ठोके मारल्यासारखा ओढतं, त्यामुळे नेमका शेंडाच दबतो. मल्टिमीटर १९७ दाखवत असतो आणि मशीनच्या आतल्या डीसीला त्याहूनही कमी मिळत असतं. आर्क चरचरतो, रॉड चिकटतो, अंडरव्होल्टेजचा दिवा लागतो. मशीन मात्र ठणठणीत असतं.

मग हे दहा व्होल्ट कुठे जातात ते शोधायचं. तोच गिझर शेडमध्ये चालू ठेवून मीटरनंतरच्या मेन स्विचवर व्होल्टेज घ्यायचं. वरच्या घरी तिथे २२० मिळाले. म्हणजे ६ व्होल्ट मीटरच्या अलीकडे सर्व्हिस वायर आणि लाइनीत, आणि ४ व्होल्ट घरातून शेडकडे गेलेल्या २.५ चौरस मिमीच्या १८ मीटर वायरीत. पंचवीस मीटर सर्व्हिस वायरीचा जाऊन-येऊन रोध ०.३७ ओहम निघतो, म्हणजे सहापैकी साडेचार व्होल्ट तीच खात होती. आता उपाय कुठे करायचा ते कळलं. सर्व्हिस वायर बदलणं आणि मीटरच्या टर्मिनलला हात लावणं महावितरणचं काम आहे. सील आपण तोडायचं नाही. भारवाढीचा अर्ज केला की त्यात वायर आणि मीटर दोन्ही बघितले जातात. १० चौरस मिमी ॲल्युमिनियमची सर्व्हिस आली आणि शेडला ६ चौरस मिमी तांब्याची स्वतंत्र केबल टाकली. एकूण रोध ०.८ वरून ०.४ च्याही किंचित खाली आला आणि आठ नंबर रॉड जळत असताना शेडमध्ये २१२ ते २१४ टिकले.

इथे स्टॅबिलायझरबद्दल सांगायला हवं, कारण दुकानदार पहिल्यांदा तोच गळ्यात मारतो. पुरवठाच डीपीपासून सतत १९० येत असेल तर १० केव्हीएचा सर्व्हो कामाचा आहे. पण भार नसताना २२६ आणि भारावर १९७ असेल तर दुखणं तारेचं आहे. स्टॅबिलायझर व्होल्टेज चढवताना मागून आणखी करंट ओढतो, बारीक तार आणखी तापते आणि व्होल्टेज आणखी उतरतं. आधी तार जाड करावी.

शेडची लाइन मीटरनंतरच्या मेनवरून थेट आणायची. घरातल्या डीबीतून (एमसीबींच्या पेटीतून) फुटलेल्या कुठल्याही सर्किटवर नाही, आणि बॅटरीच्या इन्व्हर्टरच्या वायरिंगमधून तर अजिबात नाही. सुरुवातीला ३२ अँपिअरचा डबल पोल एमसीबी, सी कर्व्हचा. बी कर्व्हचा घेतला तर मशीन चालू करताना आतले कपॅसिटर भरण्याच्या झटक्याने पडतो, कारण तो ३ ते ५ पट करंटलाच सुटतो. सी ५ ते १० पटीला सुटतो. सेटसाठी डी कर्व्ह, १० ते २० पट. व्होल्टेज थोडं उतरून करंट ३३ झाला तरी ३२ चा एमसीबी लगेच का पडत नाही, असंही लोक विचारतात. एमसीबीला रेटिंगच्या १.१३ पटीपर्यंत तासभर टिकायचंच असतं आणि आपला करंट रॉड बदलताना तुटत असतो. म्हणून तो वारंवार पडायला लागला तर ४० चा बसवून मोकळं व्हायचं नाही. टर्मिनल हाताला गरम लागतं का बघायचं. ढिला स्क्रू एमसीबीला बाहेरून तापवतो आणि तो त्या उष्णतेने पडतो.

प्लगपाशी सगळ्यात जास्त जळतं. घरातला १६ अँपिअरचा तीन पिनी प्लग ३१ अँपिअरसाठी नाही, आणि मशीनसोबत तो लावून आला असेल तरी नाही. त्याची पिन सॉकेटमध्ये सैल झाली की बेकेलाइट तपकिरी होतं, मग पितळेच्या पट्टीतला ताण जातो, पट्टी आणखी सैल होते. बाहेरून वास येईपर्यंत आत पिन काळी पडलेली असते. ३२ अँपिअरचा निळा इंडस्ट्रियल प्लग-सॉकेट लावावा. तारांना थिंबल दाबून घ्यावेत आणि केबल ग्लँडमध्ये पक्की करावी. ओढाताण स्क्रूवर यायला नको. तांबं आणि ॲल्युमिनियम थेट पिळून जोडू नये. असा जोड महिन्या-दोन महिन्यांत पांढरा पडून तापायला लागतो. बायमेटलचा लग किंवा कनेक्टर वापरावा.

अर्थिंगला घरातल्या जुन्या रॉडवर विसंबू नये. शेडजवळ स्वतंत्र इलेक्ट्रोड ठोकून ती घराच्या अर्थला जोडून घ्यावी. दोन अर्थ वेगवेगळे तुटक ठेवायचे नाहीत. ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे अर्थकडे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, हवाच, पण तो वेल्डिंगच्या लाइनीला वेगळा असावा. इन्व्हर्टर मशीनच्या फिल्टरमधून थोडा करंट अर्थकडे गळतच असतो. घरातला फ्रिज, संगणक, धुलाई यंत्र यांची गळती त्यात मिळाली की घराचा आरसीसीबी पडतो आणि मग वैतागून माणूस तो बायपास करतो. बायपास केलेला आरसीसीबी दिसला की आम्ही आधी तो परत लाइनीत घेतो, पुढचं काम त्यानंतरच करतो.

सेटच विकत घेतलेला असेल आणि सिंगल फेजवरच चालवायचा असेल, तर दहा नंबर रॉडला १०० अँपिअर ही मर्यादा धरावी. मीटरवर ३५ येतात. ते कपॅसिटरने खाली आणता येतात. त्या भाराला ८ केव्हीएपैकी कामाचे ३ किलोवॅट असतात, आणि कामी न येता नुसती ये-जा करणारी वीज जवळपास ७.४ केव्हीएआर (यांची बेरीज सरळ नसते, वर्गांची असते). २३० व्होल्टवर खरे ४ केव्हीएआर मिळाले तर करंट ३५ वरून २० वर येतो. गोची ‘खरे’ या शब्दात आहे. बाजारातला कपॅसिटर ४४० व्होल्टचा असतो आणि २३० वर तो पाटीवरच्या आकड्याच्या २७ टक्केच देतो. त्यातही तीन टर्मिनलचा डेल्टा कपॅसिटर दोनच टर्मिनलवर जोडला तर अर्धं आणखी गेलं. ५ केव्हीएआरची पाटी असलेला असा डबा प्रत्यक्षात पाऊण केव्हीएआरही देत नाही, आणि लोक म्हणतात की कपॅसिटरने काही फरक पडत नाही. शिवाय वेल्डिंग थांबलं तरी ४ केव्हीएआरचा कपॅसिटर स्वतः १७ अँपिअर ओढत राहतो. तो सेटच्या स्विचबरोबरच चालू-बंद व्हायला हवा, डिस्चार्ज रेझिस्टर शाबूत हवा, आणि बंद केल्यावर मिनिटभर टर्मिनलला हात नको. इन्व्हर्टर मशीनला मात्र कपॅसिटर लावू नये. त्याचा पॉवर फॅक्टर करंटची लाट बिघडल्यामुळे कमी असतो. कपॅसिटर तो दुरुस्त करत नाही आणि त्या बिघडलेल्या लाटेतल्या हार्मोनिक्समुळे स्वतः तापतो.

काम वर्षभर चालणार असेल तर आम्ही सरळ थ्री फेज घ्यायला सांगतो. टू फेजचा सेट, म्हणजे ज्याचा प्रायमरी ४१५ वर दोन फेजमध्ये बसतो, त्याला १०० अँपिअरमागे १९ च येतात. १६० ला ३१. आणि थ्री फेजचं ४०० अँपिअरचं इन्व्हर्टर मशीन १६० वर चालवलं तर प्रत्येक फेजला ८ अँपिअरसुद्धा होत नाहीत. मिगवर (रॉडऐवजी रिळाच्या तारेचं वेल्डिंग) २०० अँपिअर आणि २४ व्होल्टला चालवलं तरी ९ च्या आत. तोच रॉड, तीच प्लेट, आणि एका तारेवर ५६, ३१ किंवा ८. डीपीवर झटका नाही, आळीचे दिवे हलत नाहीत, वायर बारीक चालते. सिंगल फेजवरून थ्री फेज बनवायचे पंपाचे जुगाड या मशीनला चालत नाहीत. कपॅसिटरने वळवलेली फेज भार बदलला की सरकते आणि आर्कचा भार तर क्षणाक्षणाला बदलतो.

थ्री फेजच्या घरात एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघावी, ती म्हणजे न्यूट्रल. टू फेज सेट किंवा थ्री फेज मशीन न्यूट्रलमधून करंट नेत नाही. पण त्याच घरात सिंगल फेज इन्व्हर्टर मशीन लावलं तर ३१ अँपिअर न्यूट्रलच्या जोडातून परत जातात. तो जोड तापून सुटला तर फेजांमधला समतोल जातो आणि ज्या फेजवर भार कमी तिथे ३०० च्या वर व्होल्टेज चढतं. टीव्ही, फ्रिज, एलईडी सगळं एका मिनिटात जातं. वेल्डिंग चालू असताना घरातला एखादा दिवा मंद होण्याऐवजी जास्त उजळला तर तिथल्या तिथे मेन बंद करायचा. ते न्यूट्रल सुटत असल्याचं लक्षण आहे.

अर्जाचं थोडक्यात. ए-१ फॉर्म, भाराचा तपशील, लायसन्सधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट. भारात मशीनचा केव्हीए लिहायचा, लपवायचा नाही. स्वतःच्या घराचं गेट, शेड, अवजारं जोडणं घरगुती वापरात बसतं. पण लोकांची कामं मजुरीवर घ्यायला लागलात की जोडणीचा वर्ग बदलून घ्यावा. घरगुती मीटरवर धंदा चालवला तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ प्रमाणे तो अनधिकृत वापर ठरतो आणि आकारणी लागू दराच्या दुप्पट होते. विजेचा खर्च तसा घाबरण्यासारखा नाही. दहा नंबरचे तेरा-चौदा रॉड एका युनिटात जळतात.

सगळं जोडून झालं की पहिल्या वापराला बारा नंबरपासून सुरुवात. पाच रॉड सलग जाळायचे, टाँगटेस्टर फेजच्या तारेवर, मल्टिमीटर सॉकेटवर. मग मेन बंद करून प्लग, एमसीबी, मेन स्विच यांना हात लावून बघायचं. कोमट चालेल, चटका नको. मग दहा नंबर, शेवटी आठ नंबर. व्होल्टेज २०० च्या खाली जात असेल तर तिथेच थांबायचं आणि पुन्हा गिझर घेऊन शोध सुरू. एक्स्टेन्शनची रीळ वापरायची असेल तर पूर्ण उलगडावी. गुंडाळलेल्या वायरीची उष्णता बाहेर पडत नाही आणि आतले वेढे वितळतात. लांब पोचायचं असेल तर २३० ची वायर वाढवण्यापेक्षा होल्डरची केबल वाढवलेली बरी. ३५ चौरस मिमी तांब्याच्या केबलीत १० मीटर जायला आणि १० यायला १६० अँपिअरवर दोन व्होल्टसुद्धा पडत नाहीत.

जॉबचा क्लॅम्प वेल्डच्या जवळ, गंज तासून, चकचकीत लोखंडावर. क्लॅम्प सुटला आणि जॉबवर अर्थ पिनवाला ग्राइंडर किंवा ड्रिल पडलेलं असलं, तर वेल्डिंगचा करंट परतीची वाट म्हणून त्याच्या बारीक अर्थच्या तारेतून जातो. ती तार वायरीच्या आत लाल होते, वरचं इन्सुलेशन वितळतं, आणि बाहेरून ग्राइंडर धडधाकट दिसतो. पुढच्या वेळी तो अर्थशिवाय हातात असतो. म्हणून रॉड टेकवण्याआधी जॉबवरची सगळी हत्यारं खाली.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, ८० व्होल्टचा एसी सेट ओल्या मातीवर उभं राहून चालवू नये. घामाने भिजलेला हातमोजा आणि ओला रॉड एवढं पुरतं. पायाखाली कोरडी फळी, दोन जोड हातमोजे, रॉड बदलताना उघड्या हाताने होल्डर धरायचा नाही. ज्या मशीनला व्हीआरडी आहे त्यात आर्क नसताना व्होल्टेज आपोआप खाली येतं. पावसात काम असेल तर तेच घ्यावं. ७०१८ रॉड (ओल न खपणारा लो-हायड्रोजन रॉड) वापरणार असाल तर ते कोरडे भाजून घेतलेलेच हवेत, नाहीतर वेल्डमध्ये छिद्रं पडतात आणि दोष मशीनला जातो.

दर सहा महिन्यांनी मेन बंद करून, करंट नसल्याची खात्री करून, मेन स्विचपासून सॉकेटपर्यंतचे सगळे स्क्रू पुन्हा आवळायचे, मशीनमधली लोखंडाची धूळ ब्लोअरने बाहेरच्या दिशेने उडवायची आणि आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून बघायचं. गिझरची चाचणी तेव्हाच पुन्हा करावी. रोध ०.४ वरून ०.५ कडे सरकला असेल तर कुठला तरी जोड तापायला लागला आहे.